दिनू, शनिवार बघू नकोस, तिथी बघ

माशेल, गोवा
फाल्गुन वद्य दशमी

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग हिलाही वाचून दाखवलं. चार वर्षांनी तू गळ घेऊन येतोयस, घरात सगळ्यांनाच आनंद झालाय. पण तू धरलेला शनिवार-रविवार सोड आणि पंचांग उघड. हनुमान जयंतीनंतरची संकष्टी, पंचमी आणि षष्ठी, हे तीन दिवस मला हवेत. रजेचं तेवढं जमव.

कारण आपला जुना हिशोब: तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पंचमीला पहाटे पावणेचारच्या सुमारास मांडवी भरून उभी राहणार आणि थोड्या वेळात ओहोटी लागणार. पौर्णिमेचं उधाण नुकतंच सरत असतं, त्यामुळे पाण्याला ओढ चांगली. ही ओहोटी उजाडता उजाडता मला दिवाडी बेटाच्या मानशीवर, बांधातल्या त्या पाणदारावर, तुझ्यासोबत बघायची आहे.

मानशीची दारं तुला आठवतात ना? भरती चढली की नदीचं पाणी बाहेरून रेटून ती बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती आपोआप उघडतं. मग खाजनातली, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या शेतातली, सुंगटं (तुझी कोळंबी) आणि शेवटे माशांची पिल्लं त्या धारेबरोबर बाहेर पडतात, आणि चोणक तिथेच काळोखात टपून असते. (तू तिला अजून जिताडाच म्हणतोस का?) पाण्यावर काही हलत नाही. एकदम 'टॉप्' असा आवाज होतो आणि एक सुंगट कमी झालेलं असतं. चैत्रात वरून गोडं पाणी फारसं येत नाही, भरती पार आतपर्यंत चढते आणि पाणी नितळ असतं. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात ही मजा नाही. मानशीच्या मासळीचा लिलाव झालेला असतो, म्हणून घेणाऱ्याला विचारूनच बसू, आणि त्याच्या जाळ्यापासून लांब, बांधावर.

आता एक गोष्ट, जी फोनवर सांगायला जीभ रेटली नाही. मागच्या वैशाखात याच बांधावर मला मोठी चोणक लागली. दहा किलोच्या वर. वीस मिनिटं तिने मला बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. शेजारीपाजारी बघायला जमले, फोटो निघाले. संध्याकाळी ही विळीवर बसली आणि पोट चिरल्यावर हात थांबवून म्हणाली, "हे बघा." दोन्ही बाजूंना अंड्यांनी भरलेली गाबोळी, केशरी, माझ्या मनगटाएवढी जाड. आमच्या पुढ्यात तिचं हुमण, कालवण, आलं, पण मला घास गेला नाही. चोणक आधी नर असते, बरीच वर्षं जगून मोठी झाली की मादी होते. म्हणजे नदीतली मोठी चोणक ही बहुतेक मादीच, आणि पाऊस लागला की नदीच्या तोंडाशी जाऊन ती लाखोंनी अंडी टाकते. सरकार 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी घालतं ते याच दिवसांसाठी. आणि मी ती महिनाभर आधी विळीवर आणून ठेवली.

तेव्हा या वेळी मोठी लागली तर सोडायची. दोन-तीन किलोची एक घरासाठी ठेवू, बस्स. तीन काट्यांचे गळ आणू नकोस, एकेरी आण, आणि त्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाक. लीडर, गळाजवळचा दोरीचा तुकडा, जाड घे. तिच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, बारीक दोरी कापून ती तोंडात गळ घेऊनच जाईल. सोडताना जबड्याला धरून लटकवायचं नाही. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन पाण्यातच धरायची, शेपटी जोरात मारेपर्यंत. फक्त पाय पाण्यात सोडायचे नाहीत. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, आणि दुर्भाटला पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात ती उगीच नाही.

संकष्टीला आमच्याकडे मासळी नाही, म्हणून त्या दिवशी गळ पिशवीतच राहू दे. तू मडगावला उतर, तिथूनच सांग्याला जाऊ. साळावली धरणाचं पाणी तेव्हा उतरायला लागलेलं असतं. धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं, वैशाखात नीट उघडं पडतं. आपल्याला कडेकडेचं थोडंफार दिसेल. पण चंद्रोदयापर्यंत त्या काठावर बसावं असं फार दिवस मनात आहे.

षष्ठीला बेतूल. साळ नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीच्या शेवटी खडकांवरून तांबोशी माशासाठी बसू. गालजीबागला मात्र रात्री जायचं नाही. तिथे कासवं अंडी घालायला येतात, आपल्या बॅटऱ्यांनी बिचकतील.

रजा मिळाली की लगेच कळव, म्हणजे जिवंत सुंगटांचं मानसवाल्याला सांगून ठेवतो. वहिनींना नमस्कार. आणि पक्कड विसरू नकोस, माझी गंजलीय.

तुझा,
बाळू