पुरातन जेड पात्र म्हणून विकलेल्या बनावट वस्तूबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'अठराव्या शतकातील चिनी कोरीव जेड पात्र' परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी झाकणाचे, दोन कानांचे हिरवट-पांढरे पात्र १,८५,००० रुपयांना घेतले. वर्णन आपलेच : 'खोतानचे नेफ्राइट जेड, सम्राट चिएनलुंगचा काळ, तळाशी राजमुद्रा, एकमेव नग.' खोतान म्हणजे आजच्या पश्चिम चीनमधला जेडसाठी प्रसिद्ध मुलूख, आणि हिंदुस्थानी जेडकामावर कविता करणारा हा चिनी सम्राट, म्हणूनच माझे लक्ष तिकडे गेले. पण वस्तू हातात आल्यावर यातले एकही विधान टिकले नाही.

आधी दगड. रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत पात्राचे वजन हवेत ६१२ ग्रॅम भरले, पाण्यात ३७४. म्हणजे विशिष्ट गुरुत्व (दगड पाण्याच्या किती पट जड, तो आकडा) २.५७. खऱ्या जेडचे प्रकार दोन : नेफ्राइटचे ते २.९५ च्या आसपास असते, जेडाइटचे ३.३ च्या पुढे. हा दगड सर्पेंटाइन, म्हणजे जेडसारखा दिसणारा पण मऊ दगड, असल्याचे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. तळाच्या कडेवर साध्या सुईने ओरखडा उठतो. अस्सल नेफ्राइट सुईला सहसा दाद देत नाही.

कानांतल्या सुट्या कड्या 'पात्रासकट एकाच दगडातून कोरलेल्या' असल्याचे आपण छातीठोकपणे सांगता. चिनी जेडकामाची खरी करामत तीच. इथे मात्र डाव्या कडीमागे विजेरी धरली की सांध्याची बारीक रेघ दिसते, आणि अतिनील दिव्याखाली तिथला गोंद निळसर चमकतो. कडी चिकटवलेली आहे, साहेब! जेडवर छिन्नी चालत नाही. त्या काळचे कारागीर पायाने फिरवायच्या यंत्रावर ओल्या वाळूने दगड झिजवत. या पात्रावर कोरलेल्या ड्रॅगनच्या गळ्याखाली मात्र वेगवान यंत्राच्या एकसारख्या, समांतर रेघा आहेत. खाचांतला 'शतकांचा मळ' ॲसिटोनच्या बोळ्यावर तपकिरी रंग होऊन उतरला.

राजमुद्रेचे म्हणाल तर १७५९ मध्ये खोतानचा मुलूख चिएनलुंगच्या हाती आला आणि दरबारात जेडचा ओघ सुरू झाला, हे खरे. पण त्याची मुद्रा पुढे कितीतरी जणांनी कोरली. तेवढ्यावर काळ ठरत नाही.

पात्र परत घ्या म्हटल्यावर आपले उत्तर आले : 'पुरातन वस्तू परत घेतल्या जात नाहीत.' पार्सल थेट चीनमधून आले आणि त्यावरच्या कागदावर 'शोभेची वस्तू, नवीन' असे लिहिले होते. चीनने २००७ पासून १९११ पूर्वीच्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर पाठवण्यास मनाई केली आहे. पात्र खरोखर अठराव्या शतकातले असेल, तर आपण ते तिथून आणले कसे? आणि नवे असेल, तर पुरातन वस्तूंची अट त्याला लागते कशी? यातले कोणते, ते लेखी कळवा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. पूर्ण रक्कम, प्रयोगशाळेची फी आणि परतीच्या वाहतुकीचा विम्यासह खर्च मला मिळावा. मुदतीत काही झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आणि हो, हाच 'एकमेव नग' आपल्या संकेतस्थळावर आजही विक्रीला आहे. निदान ती जाहिरात तरी ताबडतोब उतरवा.

आपला,
ऑर्डरवरील ग्राहक

सोबत : प्रयोगशाळेचा अहवाल, पावती, पार्सलवरील कागदाची प्रत, सांध्याची छायाचित्रे.