फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या परत घ्या: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

कपाशीची उलंगवाडी, म्हणजे हंगामाची अखेर, झाली की विदर्भातल्या घराघरांत फवारणीचे उरलेसुरले मागे राहते. कोठ्याच्या आड्याला टांगलेली अर्धी बाटली, दिवळीत खोचलेली पुडी, धुऱ्यावर (बांधावर) फेकलेले डबे. शहरात घातक घरगुती कचरा म्हणजे ट्यूबलाइट, सेल, मुदत संपलेल्या गोळ्या. खेड्यात तो मुख्यतः कीटकनाशकांचा असतो, आणि तो द्यायचा कुठे याचे उत्तर शेतकऱ्याला कोणीच देत नाही.

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मास्क, हातमोजे यांवर पुष्कळ बोलले गेले. रिकामी बाटली मात्र बाजूलाच राहिली. ती घरात किती धोकादायक ठरते, हे बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये दिसले. शाळेच्या जेवणातून २३ मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले; ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवल्याचा संशय होता. आपल्याकडेही असे डबे पाण्याला, रॉकेलला, बी-बियाण्याला वापरतात.

कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. आमच्या काळ्या जमिनीत हा उपाय टिकत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात खोल भेगाळते. न धुतलेल्या डब्यातला अंश पहिल्या पावसाबरोबर त्याच भेगांतून खाली उतरतो. प्लास्टिक कुजत नाही, नांगराला लागून वर येते. जाळणे तर त्याहून वाईट. चुलीची किंवा उकिरड्याची आग विष पूर्ण नष्ट होण्याइतकी तापत नाही. अर्धवट जळालेले विष धुरातून घरातल्यांच्याच छातीत जाते. भंगारवाल्याला दिले तर त्या प्लास्टिकचे पुढे काय होते, कोणालाच ठाऊक नसते.

बाटली निर्धोक करण्याची सुरुवात शेतातच होते, पण कृषी केंद्रावर, म्हणजे बियाणे-औषधांच्या दुकानात, ती क्वचितच कोणी समजावून सांगते. बाटली रिकामी होताच फवारा पंपात उपडी धरून ३० सेकंद निथळू द्यावी. मग पाव भाग पाणी घालून, झाकण घट्ट लावून ३० सेकंद हलवावी आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीनदा. समजा, एक लिटरच्या बाटलीत दर वेळी १० मिली द्रव चिकटून राहतो. २५० मिली पाण्याने तीनदा धुतल्यास त्यातले औषध मूळच्या तीव्रतेच्या सुमारे साडेसतरा हजाराव्या भागावर येते. तेच ७५० मिली पाणी एकदम वापरले तर जेमतेम शहात्तराव्या भागावर. म्हणून ‘एकदाच भरपूर पाण्याने खंगाळा’ हा सल्ला चुकीचा आहे. धुणे संध्याकाळवर ढकलले तर औषध आत वाळून बसते. धुवण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते फवारणीच्याच पाण्यात जिरवायचे असते. झाकणही धुवावे, आणि शेवटी बाटलीच्या बुडाला भोक पाडावे, म्हणजे तिच्यात पुन्हा काही भरता येणार नाही.

एवढे करूनही बाटली जाणार कुठे? आमची मागणी इथेच आहे. कृषी केंद्राचा परवाना तुमचा विभाग देतो. परत घेण्याची अट त्या परवान्यातच घाला. विक्रीच्या वेळी बाटलीमागे १० रुपये अनामत घ्यावी, बिलावर लिहावी आणि धुतलेली, भोक पाडलेली बाटली आणली की परत द्यावी. न धुतलेली बाटलीही नाकारू नये, नाहीतर ती पुन्हा धुऱ्यावर जाईल. ती वेगळ्या, झाकणाच्या पिंपात ठेवावी, अनामत मात्र देऊ नये. वाहतुकीचा खर्च उत्पादक कंपन्यांनी उचलावा. पुढची सोयही विदर्भातच आहे: नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक सुविधा आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटच्या भट्ट्या, ज्यांत क्लिंकर (ज्याची भुकटी करून सिमेंट बनते ते खडे) सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजले जाते. तिथे अशा कचऱ्याच्या सहप्रक्रियेचा, म्हणजे तो सिमेंटच्या भट्टीतच जाळण्याचा, रीतसर विचार करता येईल.

उरलेल्या, मुदत संपलेल्या औषधाचा प्रश्न जास्त अवघड आहे. दुकानदाराने असा साठा वेगळा काढावा असा नियम आहे; शेतकऱ्याच्या घरातल्या साठ्याला मात्र वाली नाही. त्यासाठी वर्षातून दोनदा, खरिपाआधी आणि उलंगवाडीनंतर, मंडळनिहाय गाडी फिरवा. लोकांना एकच सांगा: औषध मूळ बाटलीत, लेबलासकट द्या, दोन औषधे एकत्र करू नका. लेबल गेले की आत काय आहे ते प्रयोगशाळेत तपासावे लागते आणि खर्च वाढतो. याच गाडीत फवारा पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि पारा असलेले सीएफएल दिवेही घेता येतील. बॅटरी फोडून शिसे काढताना आम्ल अंगणात सांडते, म्हणून ती उभी आणि न फोडता आणायला सांगावे.

येत्या खरिपात बियाण्याची विक्री सुरू होण्याआधी एका तालुक्यात तरी ही पद्धत चालू करा. किती बाटल्या विकल्या आणि किती परत आल्या, याची दर महिन्याची नोंद पंचायत समितीच्या फलकावर लावा.

आपले,
विदर्भातील कृषी आणि ग्रामीण आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते