बाबा, खालिद जमीलचं जरा ऐकून घ्या

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो की बाबा तुम्ही लगेच "घे, आईशी बोल" म्हणता आणि आई तू "जेवलास का" च्या पुढं जात नाहीस, म्हणून हे टाईप करून पाठवतोय. ताईला वाचून दाखवायला सांगा, बाबांनी ऑपरेशनच्या डोळ्यानं मोबाईल बघत बसायचं नाही.

तर विषय तोच. ह्या सीझनला मी खेळणार नाही, तालमीच्या फुटबॉल टीममधल्या पोरांचा कोच म्हणून उभा राहणार. शिरोलीतली नोकरी सोडत नाहीय, हे आधी आईसाठी. सेकंड शिफ्ट मागून घेतलीय, सकाळी ग्राउंड, दुपारी फाउंड्री. कोचिंगच्या डी लायसन्सच्या कोर्सला पण नाव दिलंय, त्याचे पैसे माझे मी भरलेत.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे, ज्याचे गुडघे गेले तो कोच होतो, आणि शाहू स्टेडियमवर हरलो की पहिली शिवी कोचला, जिंकलो की गुलाल मात्र प्लेअरला. खोटं काहीच नाही त्यात, तुम्ही स्वतः गॅलरीतनं काय काय ओरडलाय ते मी शेजारी बसून ऐकलंय. पण खालिद जमीलचं जरा बघा. आपल्या इंडियाच्या फुटबॉल टीमचा कोच झाला तो, ऑगस्ट 2025 मध्ये. त्याच्या आधी भारतीय माणूस ह्या खुर्चीत पूर्णवेळ बसला होता तो सावियो मदेरा, 2012 पर्यंत, मधल्या सगळ्या काळात गोरे साहेबच.

आणि हा काय लई मोठा प्लेअर होता असंही नाही. कुवेतमध्ये जन्म, मग मुंबई, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया असं खेळला, इंडियाची जर्सी पण घातली, पण दुखापतींनी त्याचं करिअर खाल्लं. एक गोष्ट तुम्हाला आवडेल, कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोघांनी बोलावलं होतं तेव्हा नाही म्हणाला, कारण त्या क्लबांच्या छातीवर दारूच्या कंपनीचं नाव. पुढं गंमत बघा, कोच म्हणून दोन्हीकडं जाऊन आला!

2009 ला मुंबई एफसीमध्ये खेळणं थांबवलं आणि त्याच टीमचा कोच झाला. पैसा कमी, मोठी नावं नाहीत, सात वर्षं ती टीम त्यानं आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये टिकवली, ट्रॉफी एकही नाही. मग 2016 ला तिथनं बाहेर पडला आणि गेला कुठं तर मिझोरमला, आयझॉल एफसी. ही टीम आदल्या सीझनला आय-लीगमधनं खालच्या डिव्हिजनला गेलेली, गोव्याचे क्लब लीगमधनं बाहेर पडले म्हणून परत घेतलेली. मुंबईतनं आपला जयेश राणे आणि आशुतोष मेहता ह्यांना सोबत घेतलं, सीरियाचा अल अमना मिडफिल्डला, बाकी तिथलीच पोरं. मोहन बागानला आयझॉलमध्ये 1-0 नं पाडलं, मॅच संपायला काही मिनिटं असताना आयझॉलच्या राल्तेनं हेडर घातला. शेवटची मॅच 30 एप्रिल 2017, शिलाँगला लाजाँगविरुद्ध, ड्रॉ पुरेसा होता आणि हे पहिल्या दहा मिनिटांतच एक गोल खाऊन बसले, सेकंड हाफमध्ये फिटला, 1-1. आयझॉल 37 पॉइंट, मोहन बागान 36. आणि त्याच सीझनला त्याची जुनी मुंबई एफसी सगळ्यात खाली राहून बाहेर गेली. हे कुणी ठरवून लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता काय पण फेकतोय.

म्हणजे नंतर सगळं गोडच झालं असं पण नाही. 2021 ला नॉर्थईस्ट युनायटेड क्लबनं मधूनच टीम हातात दिली, लीगच्या उरलेल्या मॅचमध्ये एकही हरला नाही आणि सेमीफायनल गाठली, मग आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग) पहिला कायमचा भारतीय हेड कोच केला त्याला, आणि पुढच्या सीझनला तीच टीम अकरात दहावी. नंतर जमशेदपूरला परत जमवलं. इंडियाचा कोच झाल्यावर पहिल्याच मॅचला ताजिकिस्तानला त्यांच्या घरात 2-1 हरवलं, ओमानला पेनल्टीवर काढून काफा नेशन्स कप स्पर्धेत तिसरा नंबर आणला, पेठेत पोरं नाचायची बाकी राहिली. दोन महिन्यांत सिंगापूरनं गोव्यात हरवलं आणि आशिया कपचं दार बंद, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडनं 1-0. बांगलादेशनं आपल्याला हरवलं ते 22 वर्षांनी. त्या रात्री ग्रुपवर त्याच्या नावानं जे काय चाललं होतं ते आईसमोर वाचता यायचं नाही, दोन महिन्यांपूर्वी डीपीला त्याचाच फोटो लावलेले लोक हे.

मला त्याच्यातलं ते मुंबईचं सात वर्षांचं लई आवडतं. कोण बघत नाही, कप नाही, फक्त टीम खाली पडू द्यायची नाही, आणि तिथं ओळखलेली पोरं पुढं उपयोगी पडली. आपल्याकडं काय होतं, केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा सीझन जवळ आला की बाहेरचा प्लेअर कितीला मिळतोय ह्यावरच तालमीत रात्री दोन-दोनपर्यंत मीटिंगा. घरचा पोरगा बेंचवर. अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा, 2017 ला अंडर-17 वर्ल्डकप खेळला, पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. इथंच का नाही घडत, हे तुम्हीच कट्ट्यावर बोलायचा की.

पैशाचं विचाराल तर तालीम मानधन देणार, पेट्रोल निघेल एवढं. त्याच्यावर घर चालणार नाही हे मला कळतं, म्हणून तर फाउंड्री सोडली नाही.

आता खरं काम. अंडर-15 मध्ये एक डावखुरा पोरगा आलाय, भावाचे बूट घालतो, पुढं सॉक्स कोंबून. गांधी मैदानात पाऊस पडून गेल्यावर अर्धं ग्राउंड पाण्यात होतं, तिथं बाकीच्यांचा बॉल अडकत होता आणि हा बॉल वर उचलून उचलून नेत होता, कुणी शिकवलेलं नाही. पण बॉल गेला की हा मागं फिरतच नाही, कमरेवर हात ठेवून उभा. सगळे म्हणतात लेफ्ट विंगला टाक, पळू दे. मला वाटतंय वर्षभर लेफ्ट बॅक खेळवावा, मागं यायची सवय लागंल. त्याच्या बापाला ते पटत नाही, गोल कोण मारणार म्हणतोय.

बाबा, तुम्ही एवढी वर्षं गॅलरीत काढलीत, तुम्ही सांगा, विंग का बॅक? रविवारी प्रॅक्टिस मॅच आहे, त्याच्या आधी ताईच्या मोबाईलवरनं व्हॉइस मेसेज टाका, लांबलचक टाकलात तरी चालंल.

आई, गच्चीवरची तुळस ठीक आहे. पिठाच्या डब्यामागं ठेवलेला लसणाच्या चटणीचा डबा सापडला आणि संपला पण.

तुमचा,
बाळ्या