दहा वाजताचं कुलूप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रवेश सुरू झाले की पालक मुलींना घेऊन वसतिगृहांच्या ऑफिसात येऊन बसतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी मी अकरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. मेसमध्ये भाकरी मिळते का, गरम पाणी किती वेळ येतं, हे आया विचारायच्या. वडिलांचा प्रश्न एकच, आणि तो बहुतेक वेळा उठता उठता : "मॅडम, गेट किती वाजता बंद होतं?" मी सांगायचे, "साडेनऊला हजेरी, दहाला कुलूप." की लगेच त्यांचा चेहरा सैल व्हायचा. निम्मी फी त्या कुलपाचीच असावी, असं मला कधी कधी वाटे.

महाविद्यालयांच्या सुरक्षेच्या बातम्या आपल्या अंकात वाचते. कॅमेरे किती बसवले, ओळखपत्रं कशी तपासली, भिंत किती फूट वाढवली, हेच त्यांत असतं. कुलपाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमची इमारत तीन मजली, जिने दोन. मागचा जिना मेसच्या पाठीमागे उतरायचा. तिकडून कुणी आत शिरेल म्हणून त्याच्या तळाशी जाळीचं दार लावलं, दाराला कुलूप घातलं. मग वापरात नाही म्हणून त्या जिन्यावर मोडके लोखंडी पलंग आणि टेबलं रचली गेली. खिडक्यांना गज होतेच. पुढच्या जिन्याच्या पायथ्याशी सरकतं चॅनल गेट. त्याची किल्ली वॉचमनकाकांच्या कमरेला आणि दुसरी माझ्या टेबलाच्या खणात. माझी खोली त्या गेटच्या अलीकडे, ऑफिसला लागून.

थंडीचे दिवस होते, परीक्षा तोंडावर. पहाटे एका मुलीने आंघोळीसाठी बादलीत कॉइल लावली आणि लाईट गेली. तिने कॉइल काढून पलंगाच्या कडेला ठेवली, बटण बंद करायचं राहिलं, आणि ती शेजारच्या खोलीत मेणबत्तीवर वाचत बसली. पाऊण तासाने लाईट आली. कापसाची गादी भडकत नाही, धुमसते. दुसरा मजला धुराने भरला तेव्हा बाकीच्या साखरझोपेत होत्या.

साठेक मुली जिना उतरून आल्या आणि गेटपाशी अडल्या. वॉचमनकाका मोटर बंद करायला विहिरीवर गेले होते. मी खणातला जुडगा घेऊन धावले. त्यात मेसची, कोठीची, टाकीची, सगळ्याच किल्ल्या. एक लावली, फिरेना. दुसरी जाईचना. आतून रेटा वाढत होता, जाळीतून हात बाहेर आले होते, आणि पुढची एक मुलगी मला अगदी हळू आवाजात सांगत होती, "मॅडम, सावकाश. घाई नका करू." तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. तीन-चार मिनिटं गेली असतील. कुणाला काही झालं नाही. वर दोघी खाली पळाल्याच नव्हत्या. त्यांनी त्याच बादलीतलं पाणी ओतून गादी विझवली होती.

दुसऱ्या दिवशी संस्थेने सगळ्या कॉइल जप्त केल्या आणि पाचशे रुपये दंडाची नोटीस लावली. कुलपाचा विषय बैठकीत निघाला नाही. मीही काढला नाही.

खरं तर यात नवीन नियम करायला नको आहे. बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, असं राष्ट्रीय इमारत संहितेत आहेच. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा तपासून दाखला द्यावा लागतो. आमच्याकडेही माणूस यायचा. आग विझवायच्या लाल सिलिंडरवरचं लेबल बदलायचा, चहा घ्यायचा, सही करून जायचा. मागच्या जिन्यावर तो चढल्याचं मला आठवत नाही. मुलींपैकी एकीलाही सिलिंडरची पिन कशी काढतात हे माहीत नव्हतं, आणि (आता निवृत्त झाले, सांगायला हरकत नाही) मलाही नव्हतं.

24 मे 2019 ला सुरतेत क्लासच्या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावरून उड्या मारणारी मुलं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. 22 जण गेले. त्या संध्याकाळी मी गेटची किल्ली जुडग्यातून काढून वेगळ्या लाल दोरीत ओवली. इतकंच केलं.

मग रात्री गेट सताड उघडं ठेवायचं का, असं पालक विचारतील. तसं मी म्हणत नाही. पण कुलपाने नेमकं कोण अडतं, तेही बघा. जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी वसतिगृहात चौथ्या मजल्यावर एका अठरा वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. पोलिसांचा संशय होता तो तिथेच कामाला असलेल्या माणसावर. आपण बाहेरच्याला अडवण्यात गुंतलेले असतो, आणि किल्ल्या कुणाच्या हातात दिल्या, त्याची चौकशी कुणी करत नाही.

आमच्या काकांबद्दल माझी तक्रार नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस, ठेकेदाराचा, बारा तासांची पाळी. मोटर त्यांनीच बघायची, पार्सलं त्यांनीच घ्यायची, कुत्री त्यांनीच हाकलायची आणि साठ मुलींचा जीव त्यांच्याच कमरेला. रात्री दोनला एखादीच्या पोटात कळ आली तर 108 ला फोन लावण्याआधी आम्ही काकांना शोधायचो. काकांना स्वतःला काही झालं असतं, तर ते कळलंही सकाळी असतं.

मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून त्यांच्यावर मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लादू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांत लिहिलेलं आहे. लैंगिक छळाविरुद्धचे ते विनियम. त्यातली तक्रार समिती आमच्या फलकावर रंगवलेली होती. हे वाक्य मात्र फलकावर कधी आलं नाही.

उपाय साधा आहे. थिएटरच्या बाहेरच्या दाराला आडवा दांडा असतो ना, तसा दांडा जिन्याच्या दाराला बसवायचा. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही. त्याला घंटा जोडली की दार उघडताच रेक्टर जागी होते. "मुली पळून जातील" ही संस्थाचालकांची भीती त्या घंटेने भागावी. घंटा वाजल्यावर उठून बघणं हे रेक्टरचं काम आहे, त्याचाच पगार मिळतो.

पालकांना माझी विनंती आहे. यंदा गेट कधी बंद होतं ते जरूर विचारा. मग म्हणा, "मागचा जिना दाखवा," आणि वरून खालपर्यंत स्वतः उतरून पाहा.

मी मध्यंतरी जुन्या वसतिगृहात गेले होते. हजेरी आता अंगठ्यावर होते, आवारात आठ कॅमेरे आहेत, चॅनल गेटला नवं, जाड कुलूप आहे. मागच्या जिन्यावर पलंग तसेच आहेत. त्यांच्यावर आता जुने कॉम्प्युटर ठेवलेत.

आपली,
एक निवृत्त रेक्टर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)