राजीनाम्याआधी एवढं वाच

बडोदा, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुमची कंपनी वाढली, मग विकली गेली, आणि काल फोनवर म्हणालीस, "ही माझी कंपनी राहिलीच नाही गं." आणि राजीनामा लिहून ठेवलाय, तेही म्हणालीस. बाबांना ते अजून सांगितलेलं नाही. निर्णय तुझा, मी त्यात पडणार नव्हते. पण माझी सगळी नोकरी कर्मचाऱ्यांच्या फायली सांभाळण्यात गेली, त्यामुळे लिहितेय.

तीस माणसांच्या कंपनीत नियम लिहावे लागत नाहीत. कुणाच्या घरी आजारपण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, साहेबांच्या तोंडी होकारावर काम भागतं. दीडशेच्या आसपास हे तुटायला लागतं. कुणी वाईट झालेलं नसतं. एकाला सवलत दिली की ओळख नसलेला दुसरा विचारतो, मला का नाही? मग अर्ज येतात, मंजुऱ्या येतात, बायोमेट्रिक येतं. अमेरिकेतले उद्योजक बिल गोर कारखाना दीडशे-दोनशे माणसांच्या पुढे वाढू देत नसत, नवा काढत, ते याचसाठी. आणि कंपनी विकली गेली की नवा मालक आधी पगार, रजा आणि ग्रेड एकसारखे करतो, कारण हिशेब तिथे अडतो. तुमचं शुक्रवारचं एकत्र जेवण कुठल्याच करारात नव्हतं, म्हणून ते बंद करायला कुणाची सहीसुद्धा लागली नाही.

बापूकाकांच्या तोंडी अजून "आमची आयपीसीएल"च असते. इथली सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी, 1969 साली सुरू झालेली. 2002 मध्ये सरकारने 26 टक्के भाग रिलायन्सला विकले, 2007 मध्ये ती त्यांच्यात विलीन झाली. काका सांगतात ते वसाहतीतल्या गणपतीचं, शिफ्टच्या बसचं. नीट ऐकलंस तर त्यातलं निम्मं कंपनीचं असतं, निम्मं त्यांच्या पंचविशीचं. तुझंही असं वेगळं काढून बघ. माणसं पांगली असतील तर ती फोनवर आहेतच. नव्या पोरांना शेजारी बसवून शिकवायची पद्धत गेली असेल, तर तुझ्या हाताखालच्या चौघांपुरती ती उद्यापासून सुरू कर, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र पगार रखडत असेल, खोटे आकडे भरायला सांगत असतील, खरं बोलणाऱ्यावर डूख धरत असतील, तर तिथे थांबायला मी सांगणार नाही.

फक्त रागाच्या भरात नको.

फेब्रुवारीत तुला पाच वर्षं होतील. ग्रॅच्युइटी, म्हणजे सलग पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तिचा ढोबळ हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. मूळ पगार 60,000 धरला तर पाच वर्षांचे 1,73,077 रुपये होतात. विक्रीत नुसते शेअर हात बदलले असतील तर तुझी कंपनी तीच आणि सेवाही सलग. पण "इथला राजीनामा द्या, नवं नियुक्तीपत्र घ्या" असं सांगत असतील, तर त्या पत्रात मूळ रुजू तारीख आणि सेवा सलग धरल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. नाहीतर पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली जाऊ शकते. एचआरवाले तोंडी "काळजी करू नका" म्हणतात. तोंडी नको, मेल घे.

पीएफ काढू नकोस, पुढच्या खात्यात वर्ग कर. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात. पगारपत्रकं, फॉर्म 16, शिल्लक रजेचा आकडा आधीच उतरवून घे. राजीनाम्याचा मेल गेला की काही ठिकाणी त्याच दिवशी लॉगिन बंद होतं.

फारच सुनावलं, रागावू नकोस. तुझं पहिलं नियुक्तीपत्र आलं तेव्हा आजोबांना तू ते मोठ्यांदा वाचून दाखवलंस. प्रोबेशनपाशी त्यांनी थांबवून विचारलं, "म्हणजे हे तुला काढू शकतात?" तू म्हणालीस, "मीही त्यांना सोडू शकते, आजोबा." ते किती दिवस राऊपुऱ्यात भेटेल त्याला सांगत होते! तीच तू आहेस, हे मला कळतं. म्हणूनच भीती वाटते.

विम्याचं लिहिणार नव्हते. कंपनीचा विमा बहुतेक शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. माझ्या गुडघ्यासाठी तू अडकून पडू नकोस, ते ऑपरेशन पुढे ढकलता येईल. पण तुझ्यासाठी वेगळी पॉलिसी आधी घे, मग राजीनामा.

दुसरी नोकरी हातात येईपर्यंत तो मेल तसाच राहू दे. नवं पत्र दिलं असेल तर सही करायच्या आधी सगळी पानं मला पाठव, मागच्या अटींसकट. मी आणि बाबा दोघं वाचतो. म्हणजे त्यांनाही सांगावं लागेल, ते मी बघते.

तुझी,
आई