एडिस्टोचा तो अर्जही छापायला हवा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंतावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, याची आठवण लेखकाने आवर्जून दिली, ते फार बरे वाटले. पण १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती झाली, गुलाम सुटले, इथेच लेख थांबतो. मी तीस वर्षे तलाठी म्हणून काम केले. माझ्या मनात लगेच येते ते हे, की सुटलेल्या माणसांनी पाय कुठे टेकायचे? जमीन कोणाच्या नावावर लागली?

त्यांनाही हेच विचारायचे होते. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात, यादवी युद्धात दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांशी लढणाऱ्या सरकारी फौजेचे जनरल शर्मन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतले आणि तुम्हाला काय हवे, असे विचारले. उत्तर दिले ६७ वर्षांच्या गॅरिसन फ्रेझियर यांनी. स्वतःची आणि बायकोची सुटका त्यांनी पैसे मोजून विकत घेतली होती. ते म्हणाले, आम्हाला जमीन हवी. ती आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि पुढे विकतही घेऊ. चार दिवसांनी शर्मन यांचा हुकूम निघाला. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटे आणि किनारपट्टी, दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार माणसे तिथे वसली. पण हुकुमाने दिला तो ताबा, पक्की मालकी नव्हे. महसूल खात्यात ज्याची हयात गेली त्याला या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर जमीनमालकांना माफी द्यायला सुरुवात केली आणि माफीपाठोपाठ जमिनीही परत देऊ केल्या. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्ड दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या एडिस्टो बेटावर गेले. युद्धात उजवा हात गमावलेला हा अधिकारी मुक्त झालेल्या लोकांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचा प्रमुख होता, आणि त्यांच्या बाजूचाही होता. तरी चर्चमध्ये जमलेल्या लोकांना त्याला सांगावे लागले, की जमिनी मालकांना परत जाणार, तुम्ही त्यांच्याशी करार करून मजुरीला राहा, झाले गेले विसरा.

लोकांनी लेखी उत्तर दिले. ते वाचताना माझा हात थरथरला. तुमचा युद्धात फक्त उजवा हात गेला, तुम्हाला क्षमा जमेल, असे त्यांनी लिहिले. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून फोडून काढले, आणि मला कुठेच जमीन मिळू नये म्हणून जो इतरांशी संगनमत करतो आहे, त्याला क्षमा करणे मला जमणार नाही. अध्यक्षांनाही त्यांनी वेगळा अर्ज धाडला. या जमिनी आज जशा आहेत तशा आम्हीच केल्या, हे आमचे घर आहे, असे त्यात म्हटले होते. फुकट नकोत, विकत घेऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

ते मान्य झाले नाही. बहुतेकांच्या जमिनी गेल्या आणि दक्षिणेत ठिकठिकाणी मुक्त माणूस वाट्याने शेती करू लागला. बियाणे, खत, धान्य मालकाकडून उधार. हंगाम सरला की हिशेबाची वही मालकाच्याच हातात.

तरीही पै-पै साठवून अनेकांनी जमिनी घेतल्या. मृत्युपत्रे झाली नाहीत, न्यायालयांवर विश्वास नव्हता, वारस वाढत गेले. याची काय गत होते ते मी माझ्या सजात पाहिले आहे. सातबारा वारलेल्या आजोबांच्या नावावर, पंचवीस वारस, आणि शहरात गेलेला एखादा आपला हिस्सा बाहेरच्याला लिहून देतो. तिकडे त्या बाहेरच्याने न्यायालयात वाटप मागितले, की अख्खी जमीन लिलावात निघे. १९५६ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या हिल्टन हेड बेटावर पूल झाला, किनाऱ्याचे भाव चढले आणि या वाटेने गलाह लोकांची, म्हणजे तिथल्या मुक्त गुलामांच्या वंशजांची, कितीतरी जमीन पर्यटनाच्या धंद्यात गेली. सहहिस्सेदारांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची संधी देणारा नमुना कायदा २०१० मध्ये तयार झाला. दक्षिण कॅरोलिनाने तो स्वीकारला २०१६ मध्ये.

पुढच्या पुरवणीत एडिस्टोचे ते अर्ज मराठीत पूर्ण छापावेत, ही विनंती. लिहिणाऱ्यांची नावे हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन अशी आहेत.

आपला,
एक निवृत्त तलाठी, वाई