पहिला मीच हसलो होतो

परभणी, १४ मे

प्रिय दत्त्या,

तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला न थांबता सांगायचंय.

सुट्टीत मोबाईलवर पोरांचा विज्ञानाचा वर्ग घेतोय. सकाळी आठ ते नऊ. नंतर लाइटचा भरवसा नाही आणि पारा ४२ च्या पुढं. इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. लिंबू आणि खायचा सोडा बाटलीत घालायचा, गॅस होतो, तोंडाला लावलेला फुगा फुगतो, एवढाच प्रयोग. सेलूच्या पोरानं फुगा सैल बसवला. तो सुटला तो फुर्रकन मागं दाढी करत बसलेल्या बापाच्या गालावर, फेसात. बाप आरशातूनच म्हणाला, "सर, हे बी अभ्यासातच आहे का?" नाना असते तर हसून हसून खाटेवरून पडले असते.

सगळं असं मजेत चाललं होतं आणि दहा तारखेला मी माती खाल्ली.

मानवतकडचा एक पोरगा आहे. कधी तोंड उघडत नाही. मी सावल्यांचं काढलं होतं, तर त्यानं आपणहून माईक चालू केला आणि म्हणाला, "सर, माझी सावली रोज लहान व्हायलीय." कुणीतरी म्हणालं, "मग तू बी लहान व्हायलास का?" झालं, सगळा वर्ग खदखदला. मीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्या गलक्यात तो "नाही सर, तुराटीची" म्हणाला, ते माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. त्याचा चौकोन काळा झाला.

संध्याकाळी ग्रुप उघडला, तर त्याचा फोटो आदल्या रात्रीच येऊन पडलेला, शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला गेलेला. शहाबादी फरशीच्या फटीत मीटरभर तुराटी रोवलेली, ती सरळ राहावी म्हणून शेजारी दोऱ्याला दगड बांधून ओळंबा धरलेला. फरशीवर कोळशाच्या रेघा, एकीच्या आत एक. प्रत्येकीपाशी तारीख. चार बोटं, तीन, अडीच, दोन. कोपऱ्यात त्याच्या पायाचा अंगठा.

दत्त्या, सूर्य सध्या रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतोय. लातूरला १३-१४ मेला, आपल्याकडं १७ ला, संभाजीनगरला १९-२० ला तो भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. परभणीची वेळ १२ वाजून १९-२० मिनिटं. जुलैच्या शेवटी पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं. हे मी त्याच दिवशी शिकवणार होतो. त्यानं ते आधीच कोळशानं लिहून ठेवलं होतं.

(मग मी शिकवलंही. जिंतूरच्या एका आजीनं ऐकून लगेच पाण्याच्या माठात तुळशीचं पान टाकलं, सावली सोडून जाते म्हणजे ग्रहणच की! मग नातीचा मोबाईल हातात घेऊन मला विचारलं, "जेवलात का सर?" सकाळचे साडेआठ!)

पोरगा त्या दिवसापासून वर्गात नाही. फोन बापाचा. दोनदा केला, "रानात गेलंय" म्हणाले.

आता तुला कळलं असेल मी तुलाच का लिहितोय. सातवीत गुरुजींनी सूर्य कुठं उगवतो विचारलं, तेव्हा तू उभा राहून म्हणालास, "रोज पूर्वेलाच नाही. संक्रांतीला आखाड्यावर लिंबामागून उगवतो, आता विहिरीच्या अंगाला." सगळे हसले. नेमका पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. तू बरोबर होतास. तू आठ दिवस शाळेत आला नाहीस, आणि पहिलं कोण हसलं यावरून आपण लग्नं होईपर्यंत भांडलो. हुरड्याच्या वेळी तर तू माझ्या अंगावर कणसं फेकलीस. मी दर वेळी म्हणायचो, मी नव्हतो.

मीच होतो, दत्त्या. पहिला मीच हसलो.

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? पोरीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार, लोणचं पोचलं म्हणावं.

आणि एवढं सांग. त्या आठ दिवसांनी तू परत आलास, तो कशामुळं? गुरुजी घरी आले होते का? काकू काही बोलल्या? का कुणीच काही केलं नाही? इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. उद्या उन्हं उतरल्यावर मी मानवतला जाणार आहे, आणि त्याच्या दारात गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचत नाही. सतरा तारखेला ती सावली पहिल्यांदा त्यानंच सगळ्यांना दाखवायला पाहिजे. आज रात्रीच फोन कर. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाळ्या